कोलंबियात ६० अभ्यासक्रम, त्यात राजकारणाचे फक्त ३: बाबासाहेब आंबेडकर राज्यशास्त्र नेमकं कसं शिकले?

जुलै १९१३. न्यूयॉर्कच्या बंदरात एक २२ वर्षांचा मराठी तरुण उतरला. खिशात बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड. घरी मुंबईत परळच्या चाळीत बायको आणि जेमतेम सात महिन्यांचा मुलगा. वडिलांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते.

हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत नाव घातलं. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी जवळपास ६० अभ्यासक्रम घेतले. पण त्यांची यादी पाहिली की थोडं आश्चर्य वाटतं. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, फ्रेंच आणि जर्मन भाषांचा प्रत्येकी १ आणि राजकारणाचे फक्त ३.

ज्या माणसाचं नाव पुढे भारताच्या राज्यघटनेशी कायमचं जोडलं गेलं, त्याने राजकारणाचे फक्त तीनच अभ्यासक्रम का घेतले? मुळात हे शिकावं असं त्यांना का वाटलं आणि त्याची तयारी कशी झाली? हे समजून घ्यायचं तर न्यूयॉर्कच्या आधी साताऱ्याला आणि परळला जावं लागतं.

सरकारचा एक आदेश आणि बंद झालेलं दार

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. कुटुंबाचं मूळ गाव कोकणातलं आंबडवे.

महार समाजातल्या अनेक घरांसाठी इंग्रजांचं लष्कर ही मोठी संधी होती. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर चढू दिलं जात नव्हतं, त्यांना लष्करात पगार मिळायचा आणि मुलांना शिक्षणही. रामजी स्वतः शिकले ते लष्करामुळेच. पुढे ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले.

पण १८९० च्या दशकात सरकारने महारांची लष्करातली भरती बंद केली. एका आदेशाने हजारो घरांचा रस्ता बंद झाला. रामजी सुभेदार गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेऊन त्यांनी या बंदीविरोधात सरकारकडे अर्ज करण्याची खटपट केली.

भीमराव तेव्हा अगदी लहान होते. पण ज्या घरात ते वाढले, त्या घराला एक गोष्ट पक्की माहीत होती. सरकार कुठेतरी दूर बसून निर्णय घेतं आणि त्याने आपल्या ताटातली भाकरी कमी-जास्त होते.

गोणपाट आणि पाण्याचा नळ

दुसरा धडा शाळेत मिळाला. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव दाखल झालं. वर्गात त्यांना इतर मुलांपासून वेगळं बसावं लागायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर स्वतः नळ उघडता यायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही.

१९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. वडील तिथे नोकरीला होते. मुलं चांगल्या कपड्यांत होती, त्यामुळे स्टेशन मास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. जात कळली आणि त्याचा नूर बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. अट एकच, गाडी मुलांनी हाकायची आणि तो स्वतः शेजारून चालणार. रात्रभराच्या त्या प्रवासात जवळ खायला होतं, पण पाणी कुणी दिलं नाही म्हणून मुलं उपाशी राहिली.

हा अनुभव आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या मुलांकडे पैसे होते, कपडे होते, शिक्षण होतं. तरीही पाणी मिळालं नाही. म्हणजे हा प्रश्न फक्त गरिबीचा नव्हता. मग तो कशाचा होता? पुढची अनेक वर्षं आंबेडकर याच प्रश्नाचं उत्तर पुस्तकांत शोधत होते.

परळच्या खोलीतली तयारी

कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणं, तिथेच अभ्यास. खोलीत जातं होतं आणि एक शेळीही होती, असं चरित्रकार सांगतात. जागा कमी म्हणून वडिलांनी एक वेळापत्रक बसवलं. मुलाने लवकर झोपायचं, रात्री दोन वाजेपर्यंत वडील जागे राहायचे आणि मग त्याला उठवून स्वतः झोपायचे. मग पहाटेपर्यंत कंदिलाच्या उजेडात अभ्यास.

इंग्रजीचा पाया रामजींनीच घातला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून गिरवून घेतल्या. शब्द नेमका कसा वापरायचा याकडे त्यांचं बारीक लक्ष असायचं. भीमराव हट्टाने पुस्तकं मागायचे आणि पेन्शनीत ते बसायचं नाही. तेव्हा रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, उसने पैसे किंवा दागिना मागून आणायचे, तो गहाण ठेवायचे आणि पुस्तक घरी यायचं. पेन्शन आली की दागिना सोडवायचा.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायचं होतं. पण जातीमुळे ते शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही तेव्हा इतकी दुर्मिळ गोष्ट होती की मुंबईत सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं. केळुसकर गुरुजी त्यांना आधीपासून ओळखत होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसलेला हा मुलगा त्यांनी हेरला होता आणि ते त्याला पुस्तकं आणून देत होते.

पुढे वडिलांचे पैसे संपले, तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर पुस्तकं द्यायचे, कधी कपडेही. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

काय शिकणार आणि कशासाठी?

१९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. वाटेत वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्याच्या विचारात होते. भीमराव महाराजांना भेटले. चरित्रकारांनी नोंदवलेला प्रसंग असा आहे की महाराजांनी त्यांना विचारलं, कोणते विषय घेणार? भीमरावांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवहार असं सांगितलं. हे शिकून काय करणार, या प्रश्नावर त्यांनी आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग या विषयांतून सापडतील, असं उत्तर दिलं. महाराज हसले आणि मग संस्थानची नोकरी कधी करणार, असं त्यांनी विचारलं. संधी दिलीत तर सगळं जमवेन, असं भीमरावांचं म्हणणं होतं.

या उत्तरात पुढचा सगळा अभ्यासक्रम आहे. त्या काळात परदेशी जाणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी इंग्लंडला जायचे. तिथून बॅरिस्टर होऊन यायचं किंवा आय.सी.एस. व्हायचं, हा ठरलेला रस्ता होता. भीमराव मात्र एक प्रश्न घेऊन निघाले होते.

४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. त्या बदल्यात परतल्यावर बडोदा संस्थानात १० वर्षं नोकरी.

मग राजकारणाचे तीनच अभ्यासक्रम का?

याचं एक उत्तर कोलंबियाच्या रचनेत आहे. तिथली राज्यशास्त्राची शाळा १८८० साली जॉन बर्जेस यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. आज राज्यशास्त्र म्हटलं की निवडणुका, पक्ष, राज्यघटना हे डोळ्यांसमोर येतं. तेव्हाच्या कोलंबियात मात्र राज्यशास्त्र हे मोठ्या छत्रीसारखं होतं. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, सार्वजनिक कायदा हे सगळं त्याच छत्रीखाली यायचं. राज्य समजून घ्यायचं तर त्याचा पैसा, त्याचा समाज आणि त्याचा भूतकाळ समजला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता.

दुसरं उत्तर भीमरावांच्या निवडीत आहे. सार्वजनिक वित्ताचे नामांकित अभ्यासक एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल, समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन गिडिंग्ज, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर अशा दिग्गजांच्या वर्गात ते बसले. विषय वेगवेगळे होते, पण ते उत्तर एकाच गोष्टीचं शोधत होते. माणसांवर सत्ता कशी चालते?

सरकार कर कुणाकडून घेतं आणि खर्च कुणावर करतं, हे अर्थशास्त्र सांगतं. ही पद्धत कधीपासून आणि कशी रुजली, हे इतिहास सांगतो. माणसं एकमेकांना जवळ का करतात आणि दूर का ठेवतात, हे समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र सांगतं. लष्करभरतीचा तो आदेश आणि गोरेगावच्या वाटेवरचं न मिळालेलं पाणी, या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला एक विषय पुरणार नव्हता.

एका टेबलावर जेवण

न्यूयॉर्कमध्ये सुरुवातीला ते विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण मानवलं नाही म्हणून काही काळ भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांना सोबती मिळाला आणि ही मैत्री आयुष्यभर टिकली.

या शहरात पहिल्यांदाच कुणी त्यांची जात विचारत नव्हतं. सगळ्यांसोबत एका टेबलावर जेवायचं, हव्या त्या बाकावर बसायचं. ज्याने गोणपाटावर बसून शाळा केली, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

सुरुवातीचे काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले. मग मात्र शिष्यवृत्तीचे दिवस मोजलेले आहेत, याची जाणीव झाली. दिवसाचे १८-१८ तास अभ्यास सुरू झाला. साडेअकरा पौंडांतूनच घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे होते. त्यामुळे सिनेमा बंद, खाण्यावरचा खर्च कमी. खर्चाची सूट फक्त पुस्तकांना होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी जवळपास २,००० पुस्तकं जमवली.

लाला लजपतराय तेव्हा अमेरिकेत होते आणि भारताच्या स्वातंत्र्याचा प्रचार करत होते. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला आपल्या कामात ओढायचा प्रयत्न केला. आंबेडकरांनी मात्र आधी अभ्यास पूर्ण करायचं ठरवलं. महाराजांना दिलेला शब्दही होताच.

सत्तेचा हिशेब

या काळात त्यांनी लिहिलेले तीन निबंध पाहिले की अभ्यासाची दिशा कळते.

पहिला १९१५ चा, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची आर्थिक व्यवस्था यावर. कंपनीने भारतातून किती घेतलं आणि भारतावर किती खर्च केला, याचा हिशेब त्यांनी मांडला. त्याच वर्षी त्यांना एम.ए. पदवी मिळाली.

दुसरा जातीवर. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जाती, त्यांची रचना, उगम आणि वाढ यावर निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याची सक्ती हे जातिव्यवस्थेचं मूळ यंत्र आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा हे यंत्र चालू ठेवण्यासाठी उभ्या राहिल्या, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे जात टिकवण्याची सर्वात मोठी किंमत बायका मोजतात, हे त्यांनी १९१६ सालीच मांडलं होतं.

तिसरा पीएच.डी.चा प्रबंध. ब्रिटिश भारतात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, हा विषय त्यातून आकाराला आला. १९२५ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे आणि पुस्तक सयाजीरावांना अर्पण केलं आहे. १९२७ साली कोलंबियाने त्यांना रीतसर पीएच.डी. दिली.

पदव्या घेऊन परतल्यावर काय झालं?

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही त्यांनी नाव घातलं. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. चार वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. त्यांचं सामान वेगळ्या बोटीने निघालं होतं आणि ती बोट समुद्रात बुडवली गेली. उपाशी राहून जमवलेली कितीतरी पुस्तकं गेली. भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. त्याच पैशांतून ते सप्टेंबर १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्याला गेले.

तिथे राहायला जागाच मिळेना. शेवटी जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत शिपाई हातात कागद न देता लांबून टाकायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक धर्मशाळेच्या दारात उभे राहिले आणि खोली सोडावी लागली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. कोलंबियाचा हा एम.ए. मुंबईची गाडी येईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला. १० वर्षांचा करार असा दोन आठवड्यांच्या आत मोडला.

आंबेडकरांच्या अभ्यासाची खरी परीक्षा इथे झाली. शिक्षणाने एका माणसाची पात्रता वाढते, पण समाजाचे नियम तेच राहिले तर त्या पात्रतेला राहायला खोलीसुद्धा मिळत नाही. नियम बदलायचे तर ते जिथे ठरतात तिथे पोचावं लागतं.

ती संधी लवकरच आली. मताधिकार कुणाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी २७ वर्षांच्या आंबेडकरांनी तिच्यासमोर साक्ष दिली. मतदानाची अट खाली आणा, अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडू द्या, अशी त्यांची मागणी होती. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर आक्षेप घेतला गेला होता.

पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचं ५,००० रुपयांचं कर्ज घेऊन जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. तिथे सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला सांगून परत केला. तो त्यांनी मुंबईत बसून नव्याने लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

शेवटचा वर्ग

पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठीच होता. त्यानंतर गोलमेज परिषदा, पुणे करार, मसुदा समितीचं अध्यक्षपद. राज्यघटनेच्या कलम २८० मध्ये वित्त आयोग आहे, केंद्र आणि राज्यांत पैसा कसा वाटायचा हे सुचवणारा. कोलंबियातल्या प्रबंधाचा विषयही पैशाची हीच वाटणी होता. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. जून १९५२ मध्ये त्याच कोलंबियाने त्यांना मानद पदवी दिली.

पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. जुलै १९५६ मध्ये, तब्येत खालावलेली असताना, बाबासाहेबांनी मुंबईत एक छोटी शाळा सुरू केली. राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांना तयार करण्यासाठीची शाळा. ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याकडे तिची जबाबदारी होती आणि पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. राजकारणात शिरण्याआधी अर्थव्यवस्था, कायदा आणि समाज यांचा अभ्यास हवा, सभागृहात मुद्देसूद बोलता यायला हवं, हा त्यामागचा हेतू. स्वतः कोलंबियात जे शिकले, त्याचीच ही छोटी आवृत्ती होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. शाळाही पुढे फार चालली नाही. त्या १५ जणांसमोर येऊन बोलायचं त्यांच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.